डबीवरचं नाव

माय खोकली की ओळ थांबायची.

अकरा बाया चिखलात वाकलेल्या, डाव्या हातात परह्यांची पेंडी, उजवा हात पाण्यात, डोक्यावरून प्लास्टिकच्या खोळी. पुस्तकात ज्यांना धानाची रोपं म्हणतात ते आमचे परहे. सगळ्यात डावीकडे माझी माय, जमुना. तिने रोप टोचलं की बाकीच्या टोचणार, ती एक पाऊल मागे सरकली की बाकीच्या सरकणार. रोवणी पाठीकडे चालते. पुढारीण कुठे चालली ते तिलाही दिसत नाही.

त्या बुधवारी माय चार वेळा खोकली. चौथ्या वेळी ती गुडघ्यावर हात ठेवून तशीच राहिली. शेजारची नंदाबाई म्हणाली, "जमुना, बेंडकी गिळली का वो?" बाया हसल्या. माय पण हसली आणि परत वाकली. मी शाळेतून येऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी होते, हातात सगळ्यांचा पाण्याचा लोटा. एकच लोटा, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

मी दहावीत आहे, गोरेगावच्या शाळेत. आठवीपर्यंत माझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता. मग नववीत क्षयरोगावर भाषण केलं, तालुक्यात पहिली आले, आणि तेव्हापासून वर्गात पहिला हात माझाच. घरीही तेच. बाबा म्हणतात, रिंकीले आता बटन लावा लागते. मला कशाचीच भीती वाटत नव्हती. भाषण अजून पाठ होतं: दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या.

म्हणून आशाताईला मीच सांगितलं.

गावच्या आशाताई शामकला त्याच संध्याकाळी सायकल घेऊन दारात आल्या. माय पायांना मेहंदी लावत बसली होती. चिखलाने तिच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या होऊन फाटल्या होत्या.

"जमुनाबाई, किती दिसाचा खोकला हाये?"

"पान्यात काम करून राहिलो बाई. खोकला नाही येईन तं का हासू येईन?"

"रिंकी तं म्हने महिना झाला."

मायने माझ्याकडे पाहिलं. "रिंकी लयच शिकली," ती म्हणाली.

शामकलाताईंनी पिशवीतून प्लास्टिकची डबी काढली, घट्ट झाकणाची. "सकारी उठल्याबरोबर. दाताले गुडाखू घासाच्या आंधी. थुकी नाही पाहिजे, छातीतला बेडका पाहिजे. रिंकी शाळेत जाते तं नेऊन देईन."

"देईन ना," मी म्हटलं. मग मायला सांगायला लागले, कारण मला राहवेना. "माय, आता पयल्यासारखं नाही. मशीन आली हाये दवाखान्यात. दोन घंट्यात सांगते. बिमारी हाये का नाही, आन् कोनती गोळी लागू नाही होत, तेही."

मायचा मेहंदीचा हात थांबला. "दोन घंट्यात? मांगच्या साली माही तपासली तं आठ दिस लागले होते."

"ते जुनं झालं."

"कोनती गोळी लागू नाही, हे मशीनले कसं समजते?"

"जंतूच्या आतलं वाचते ते. जो जंतू गोळीले भेत नाही, त्याची खूण वेगळी असते."

शामकलाताई म्हणाल्या, "पोरगी हुशार हाये बाई तुही." सायकल गल्लीच्या वळणापर्यंत जाईस्तोवर माय चाकाकडे पाहत राहिली. समोरच्या घरातल्या दोघी पण पाहत होत्या.

मग ती उठली. "चाल, खारीवर जाऊ."

खार म्हणजे परहे पेरलेला तुकडा. आमची नाल्याच्या काठाला आहे, घरापासून हाकेवर. आभाळ खाली आलेलं होतं, पण उजेड होता. मायने एक परहा उपटला, मुळं धुतली, आणि बुडाजवळ अंगठ्याने दाबून मला दाखवला.

"पाह्य. गाठ धरून राहिला. चोवीस दिस झाले. आणखी आठ दिस ठेवला तं फुटवा येत नाही. तनसच होते, दाना भरत नाही."

"सोमवारी येते ना टोळी आपल्या बांधीत?"

"येते." टोळीचा हिशेब असा, की प्रत्येकीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सगळ्या जातात. पुढारणीचं शेत शेवटी. माय तीन आठवडे दहा जणींची शेतं रोवून देत होती. "येईन, जर तुही मशीन गप बसली तं. केशोरावची बायको ध्यानात हाये?"

होती. तीन वर्षांपूर्वी तिला बिमारी निघाली. बायांनी तिला धुऱ्यावर वेगळं बसवलं, लोटा वेगळा दिला. तिच्या शेतात कोणी उतरलं नाही. परहे खारीतच वाळले आणि शेवटी त्यांनी त्यात बकऱ्या सोडल्या.

"पन तुही बिमारी तं बरी झाली होती," मी म्हटलं. "सहा महिने गोळ्या खाल्ल्या तून."

माय बांधावर बसली. "अडीच महिने."

"का?"

"अडीच महिने खाल्ल्या. बाकीच्या तांदराच्या कोठीत हायेत, तळाले." तिने परहा पाण्यात टाकला. "त्या गोळीनं लघवी लाल येते. रोवणीत बाया एका धुऱ्याच्या आडोश्याले बसतात, तुले मालूम हाये. नंदाबाईनं पाह्यलं. म्हने, जमुना, तुह्यातून पानाचा रस निंगून राहिला का वो. साऱ्या हासल्या. दुसऱ्या दिवशी मी गोळी खाल्ली नाही. खोकलाही गेला होता. मंग तिसऱ्या दिवशीही नाही."

मला भाषणातलं वाक्य आठवलं, गोळ्या अर्धवट सोडू नका. ते मी हात वर करून म्हटलं होतं, आणि माय तेव्हा पालकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

"रिंकी, तू थुक."

"का?"

"डबीत तू थुक. तुही छाती साफ हाये. मशीन म्हनन काही नाही, शामकला दारात येनार नाही. सोमवारी रोवणी झाली का मंगळवारी मी सोता जाईन. तुही शपथ." ती माझ्याकडे पाहत नव्हती, परह्यांकडे पाहत होती. "चार दिस मांगून राहिलो. जादा नाही."

मी खूप विचार केला असं म्हणवत नाही. चार दिवस मला थोडे वाटले. उलट मायने असलं काही मला मागावं, याची मला थोडी ऐटच आली. मी म्हटलं, "थुकी चालत नाही. लॅबवाला वापस पाठवते. खोलातून काढा लागते. मी करतो बरोबर."

सकाळी मोरीजवळ उभी राहिले. चूळ भरली. तीन वेळा लांब श्वास घेतला, धरला, सोडला, आणि पोटापासून खोकले. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा छातीत काही तरी सुटलं आणि डबीत पडलं. घट्ट, पिवळसर. भिंतीवरच्या चित्रात दाखवतात तसंच. मला बरं वाटलं.

मायने डबी घेतली आणि दाराच्या उजेडात नेली. बराच वेळ पाहिली.

"एवढं कुठून निंगालं वो?"

"कबड्डीच्या ग्राउंडची धूळ हाये. उन्हाळ्यापासून थोडा खोकला येते ना मले."

"तुले खोकला येते?"

"थोडा. तुह्या खोकल्यात आयकू येत नसन."

तिने झाकण लावलं. मग आणखी एकदा पिळलं. मी डबीवर छान अक्षरात लिहिलं: जमुना इंदरलाल बिसेन, वय ३८. युनिफॉर्म घालताना सलवारची नाडी आणखी दोन बोटं आत ओढावी लागली. मैत्रिणी म्हणायच्या, रिंकी, तू बारीक झाली, भारी दिसतेस. मलाही तसंच वाटत होतं.

गोरेगावच्या दवाखान्यात लॅब मागच्या बाजूला आहे. तिथल्या हेमेंद्र सरांनी मास्क लावून डबी खिडकीतून घेतली, उजेडात धरली.

"वा. असा नमुना काढायला कोणी शिकवलं?"

"मी शिकवलं मायला." खोटं इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

"बढिया. लोक नुसती थुंकी आणतात, मग दोनदा बोलवावं लागतं. असा नमुना आठवड्यात एखादा." मशीन पाहू का, असं मी विचारलं. ते हसले आणि खिडकी थोडी जास्त उघडली. टिफिनच्या डब्याएवढी पेटी, समोर छोटा पडदा. ते बोटाच्या नखाएवढी चिप दाखवत म्हणाले, "ह्यात एक थेंब जातो. आधी आजार आहे का ते कळतं. असेल तर दुसरी चिप, औषधाची."

"म्हणजे नसेल तर दुसरी लागतच नाही."

"लागतच नाही."

मी पळत शाळेत गेले. गणिताच्या तासाला तीन वेळा हात वर केला.

मधल्या सुट्टीत परत आले तेव्हा खिडकी बंद होती. हेमेंद्र सर बाहेर आले, मला व्हरांड्यात मोकळ्या हवेच्या बाजूला उभं केलं आणि स्वतः दोन हात लांब उभे राहिले.

"आई आली आहे का?"

"रोवणीत आहे."

"खरं तर हे तिलाच सांगायचं असतं. तिला उद्या सकाळी घेऊन ये. बाबांनाही." ते थांबले. "मागच्या वर्षी तिने गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या?"

मी पायांकडे पाहिलं. चपलेच्या पट्ट्यात चिखल वाळला होता.

"दुसरी चिप लावावी लागली," ते म्हणाले. "आजार आहे. आणि लघवी लाल करते ती गोळी, मुख्य गोळी, ती ह्या जंतूंवर चालत नाही. घाबरायचं नाही, दुसरी औषधं आहेत. पण थोडा नमुना नागपूरला पाठवावा लागेल, आणि घरातले सगळे तपासावे लागतील. आईजवळ कोण झोपतं?"

"मी."

"तुला खोकला?"

"नाही," मी म्हटलं, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत श्वास धरून ठेवला.

शाळेत परत गेले नाही. एसटीत माझ्याशेजारी एक बाई लेकरू घेऊन बसली. दीड वर्षाचं असेल, माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालत होतं. मी टोक ओढून घेतलं. खिडकीची काच सरकवली आणि तोंड बाहेर केलं. पाऊस आत आला.

"काच लाव ना वो, लेकरू भिजून राहिलं."

मी लावली नाही.

"आयकू येत नाही का? शाळा शिकून बहिरी झाली वाट्टे."

मी उठून मागे गेले, रिकाम्या सीटवर, आणि ओढणी तोंडावर गुंडाळली. संध्याकाळी अंग गरम व्हायचं ते मला बक्षिसाच्या, भाषणाच्या आनंदाचं वाटायचं. नाडीची ती दोन बोटं. कबड्डीची धूळ. उन्हाळ्यात तर कबड्डी बंद होती. एवढं साधं गणित मी करून पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी टोळी नंदाबाईच्याच बांधीत होती. अर्धी बांधी हिरवी झाली होती, अर्धीत नुसता चिखल. मला पाहून नंदाबाई म्हणाली, "आली वो मास्तरीन. आज चिखलाले भाषण देते वाट्टे."

माय पेंडी घेऊनच धुऱ्यावर आली. तोंडावर पावसाचं पाणी, आणि डोळ्यांत चक्क आनंद. हळू आवाजात म्हणाली, "झालं ना साफ?"

"नाही झालं."

"मशीन बंद होती?"

"चालू होती. बिमारी हाये म्हनते. आन् लाल गोळी लागू नाही म्हनते."

"असं कसं? माही डबी थोडीच..." ती म्हणाली.

तिच्या हातातल्या पेंडीच्या मुळांतून चिखल गळत होता, माझ्या पांढऱ्या सलवारवर. तिने तो पाहिला. पुसायला हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला.

मग मी ते म्हटलं. वाटेत एसटीत सगळं जुळवून आणलं होतं. "माय, चार दिस थांबू. हेमेंद्र सरले सांगतो तू बाहेरगावी गेली. मी शाळेत नाही जात, वेगळी झोपीन, कोठीच्या खोलीत. सोमवारी रोवणी झाली का मंगळवारी दोघी जाऊ."

माय नाल्याकडे पाहत होती. तिथून आमची खार दिसते. सगळीकडच्या हिरव्यात तेवढाच तुकडा फिका पडायला लागला होता.

"मी एकडाव असेच दिस मांगतले," ती म्हणाली. "एक दिस गोळी नाही खात, मंग दुसरा. मांगत गेली."

ती वळली. बांधीत उतरली नाही. धुऱ्यावरूनच म्हणाली, "बायाहो, थांबा."

दहा जणी वाकल्या जागी थांबल्या. मायने पिण्याच्या पाण्याची गुंडी, आमची छोटी घागर, उचलली आणि सगळं पाणी धुऱ्यावर ओतलं. लोटा उपडा केला.

"हे का करून राहिली?" नंदाबाई उभी राहिली.

"मले ते हाये. मांगच्या सालापासून. गोळ्या अर्ध्यात सोडल्या मी. आता पोरीले निंगालं, आन् गोळी लागू होत नाही असं निंगालं." ती दम घ्यायला थांबली, खोकला आला, पदराने दाबला. "महिनाभर तुमच्यात खोकलून राहिलो. एका लोट्यानं पानी पेलो आपून."

"पाण्यानं नाही लागत, हवेनं लागते," मी म्हटलं. सवयीने. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

खोळींवर पाऊस वाजत होता. शेवटच्या टोकाच्या दोघींनी हातातल्या पेंड्या ठेवल्या, पाण्यात हात धुतले आणि पलीकडच्या धुऱ्याने चढल्या, आमच्या बाजूने न येता. मग आणखी एक. मग बऱ्याच. नंदाबाई तेवढी चिखलात उभी होती.

"पानाचा रस," ती म्हणाली. "मी म्हनली होती ते."

मायने उपडा लोटा पायाने बाजूला सारला.

"आज सांगतेस? माह्या बांधीत उतरून?" तिने पदर नाकाला लावला. "माहा नातू हाये घरी. तीन महिन्याचा." आणि तीही गेली. बांधी अर्धी रोवलेली तशीच राहिली, आणि मायची पेंडी धुऱ्यावर.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोन डब्या घेऊन गेलो. एकीवर मायचं नाव, एकीवर माझं. लिहिताना पहिल्यांदाच माझं अक्षर वाकडं आलं. बाबा बाहेर सायकलजवळ उभे राहिले. त्यांना रात्रीच सांगितलं होतं. हेमेंद्र सरांनी दोन्ही डब्या घेतल्या, मग रजिस्टर उघडलं.

"दोन कशाला? आईचा तर कालच..."

"कालची माझी होती," मी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावतील असं वाटलं. त्यांनी मायचं नाव खोडलं, बाजूला माझं लिहिलं, वय विचारलं. पंधरा. मग एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "महिनाभरात रोज जवळ कोण कोण होतं, नावं लिही."

माय सांगत गेली, मी लिहीत गेले. ती डावीकडून सांगत होती, ओळीत ज्या जशा उभ्या राहायच्या तशा. नंदाबाई. तिच्या बाजूची. तिच्या बाजूची. दहा झाल्यावर मी माझ्या वर्गातल्या बाकाची नावं लिहिली. मग कबड्डीच्या संघाची. कागद उलटावा लागला.

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर मास्क लावून बसलो. थोड्या वेळाने फाटकातून तिघी जणी आल्या. पुढे नंदाबाई, हातात शामकलाताईंकडची डबी, पदराखाली लपवलेली.

मायने उठायला पाहिलं.

"बस," नंदाबाई म्हणाली. "तुह्यासाठी नाही आली. माह्या नातवासाठी आली." ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. बाकीच्या दोघी तिच्या पलीकडे. काही वेळाने ती समोर पाहूनच म्हणाली, "मलेही पंधरा दिस झाले. रातीच येते. सुनेले वाट्टे तमाकूचा हाये." मग म्हणाली, "बाकीच्या नाही येत म्हनते. आमाले काही झालं नाही म्हनते. तुहे परहे पाहून आली. पिवळे पडून राहिले."

"पडू दे," माय म्हणाली.

आत मशीनची बारीक शिट्टी वाजली. हेमेंद्र सरांची सावली काचेवर आली, वाकली, गेली. एका वेळी दोनच नमुने लागतात. आधी आमचे होते.

"दोन घंटे ना?" मायने विचारलं.

"हो."

तिच्या पायांच्या बेचक्यांत मेहंदी अजून लाल होती. ती बोटं एकमेकांवर घासत राहिली. मग तोंड माझ्याकडे न वळवता, नंदाबाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "रिंकी, माह्या डबीतही तसंच निंगालं, लाल गोळीवालं, तं मीच देली ना तुले?"

मला उत्तर येत होतं. मी हात मांडीखाली दाबून धरले आणि काचेकडे पाहत बसले.